हिशेब लिहिणारे आणि हिशेब तपासणारे : लांज्याच्या उपकोषागारापासून महालेखापरीक्षकांपर्यंत

भारतीय लेखापरीक्षा आणि लेखा विभाग या संस्थेचा इतिहास सांगायला सहसा दिल्लीपासून सुरुवात होते. संविधानातील अनुच्छेद, संसदेपुढे ठेवलेले अहवाल आणि त्यांवरून गाजलेली अधिवेशने त्यात ठळकपणे येतात, आणि ज्या कागदावर हा सगळा डोलारा उभा आहे तो तालुक्याच्या कचेरीतला कागद नजरेआड राहतो. रत्नागिरी जिल्ह्यातील लांजा हे मुंबई–गोवा महामार्गावरचे असेच एक तालुक्याचे ठिकाण असून तेथे तहसील कार्यालय, पंचायत समिती, नगरपंचायत आणि उपकोषागार आहे. या कचेऱ्यांत रोज तयार होणारी देयके, त्यांना जोडलेली प्रमाणके, म्हणजे खर्च खरोखर झाल्याचा पुरावा देणाऱ्या पावत्या, आणि त्यांच्या नोंदी ज्या रोकडवहीत होतात ती वही, हाच राष्ट्रीय लेखापरीक्षेचा कच्चा माल आहे. तालुक्यातील वाणिज्य शाखेचा एखादा पदवीधर प्रथम हिशेब लिहायला शिकतो आणि पुढे स्पर्धा परीक्षेच्या वाटेने देशाचा हिशेब तपासणाऱ्या विभागात दाखल होतो, तेव्हा तो एका जुन्या आणि अजूनही पूर्ण न मिटलेल्या प्रश्नाच्या मधोमध उभा राहत असतो. हिशेब लिहिणारा हात आणि तो तपासणारा हात एकमेकांपासून किती दूर असावेत, हा तो प्रश्न होय, आणि या विभागाचा दीडशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास याच प्रश्नाच्या उत्तराचा शोध आहे.

हा प्रश्न इंग्रजांनी या भूमीवर प्रथम आणला, असे मानण्याचे कारण नाही. मराठी राज्यकारभारात मामलेदाराच्या बरोबरीने नेमलेले दरखदार हे त्याचे एक सुस्पष्ट उत्तर होते. दरखदार म्हणजे दिवाण, मुजुमदार, फडणीस, दफ्तरदार, चिटणीस, पोतनीस आदी वतनी वा हुजुरातून नेमलेले अधिकारी. मामलेदार हा परगण्याचा मुख्य कारभारी असला तरी या अधिकाऱ्यांना कामावरून दूर करण्याचा अधिकार त्याला नव्हता आणि त्यांच्या शिक्क्यामोर्तबाशिवाय त्याचा हिशेब पुरा होत नसे. देयके व हिशेब प्रथम मुजुमदाराने पाहावेत, मग ते फडणिसाकडे जावेत, फडणिसाच्या कागदांवरून दफ्तरदाराने गोषवारा तयार करून तो हुजुरास पाठवावा, आणि वसुलीच्या रकमेची नोंद पोतनिसाने ठेवावी, अशी कामाची वाटणी होती. त्यावर आणखी एक पहारा देशमुख–देशपांडे या वतनदारांचा असे, कारण त्यांच्या कागदांशी मामलेदाराचा हिशेब ताडून पाहिला जाई. खर्च करणाऱ्याच्या शेजारी त्याच्या मर्जीवर अवलंबून नसलेला माणूस बसवावा, हे आजच्या लेखापरीक्षेचे मूळ तत्त्व या व्यवस्थेत पूर्णपणे उपस्थित होते.

या व्यवस्थेतून वर आलेला सर्वांत मोठा माणूस रत्नागिरी जिल्ह्याशी नाते सांगणारा आहे. बाळाजी जनार्दन भानू, म्हणजेच नाना फडणवीस (१७४२–१८००), यांचे घराणे मंडणगड तालुक्यातील वेळासचे. फडणिशी त्यांच्याकडे आजोबांपासून चालत आलेली होती, आणि पेशव्यांच्या फडावर हिशेब पाहणारा हा अधिकारी १७७४ नंतरच्या बारभाईंच्या काळात मराठी राज्याचा प्रत्यक्ष सूत्रधार झाला. हिशेबनिसाने देशाच्या कारभाराच्या अग्रस्थानी पोहोचण्याचे मराठी इतिहासातले हे सर्वांत ठसठशीत उदाहरण होय. त्याच्या कर्तृत्वाविषयी आदर बाळगूनही एक गोष्ट नोंदवणे आवश्यक वाटते. फडणीस स्वतःच कारभारी झाला की त्याच्या कारभाराचा हिशेब कोणत्या फडणिसाने पाहायचा, याची सोय त्या राज्यव्यवस्थेत राहिली नाही. परगण्याच्या पातळीवर काळजीपूर्वक वेगळे ठेवलेले दोन हात राजधानीत एक झाले, आणि पुढे इंग्रजी राजवटीतही हीच अडचण वेगळ्या रूपात पुन्हा उभी राहिली.

१८५८ साली कंपनीचा कारभार संपून ब्रिटिश पार्लमेंटच्या अधीन असलेले सरकार आले त्या सुमारास हिंदुस्थान सरकारचा महालेखापाल हे पद निर्माण झाले, आणि बंडानंतरच्या आर्थिक ओढाताणीत जेम्स विल्सन यांनी १८६० मध्ये देशाचा पहिला अर्थसंकल्प मांडला. त्याच वर्षी १६ नोव्हेंबरला सर एडमंड ड्रमंड यांनी पहिले महालेखापरीक्षक म्हणून सूत्रे घेतली, आणि याच दिवसाची आठवण म्हणून २०२१ पासून १६ नोव्हेंबर हा लेखापरीक्षा दिन म्हणून पाळला जातो. पदाचे नाव १८६६ मध्ये बदलले, १८८४ मध्ये पुन्हा बदलून ते नियंत्रक व महालेखापरीक्षक असे झाले. मात्र नाव बदलले तरी रचना तीच राहिली: इलाख्यांच्या कोषागारांतून आलेल्या हिशेबांचे संकलन करणारे आणि त्यांची तपासणी करणारे कार्यालय एकच होते, आणि ते ज्या सरकारचा खर्च तपासत असे त्याच सरकारच्या अर्थखात्याशी बांधलेले होते. या पहाऱ्याचा हेतूही लक्षात घेतला पाहिजे. लंडनमधील भारतमंत्र्याला हिंदुस्थानातील खर्चावर लक्ष ठेवायचे होते. ज्यांच्या सारापट्टीतून आणि मिठावरच्या करातून हा खर्च भागत होता त्या रयतेला त्या हिशेबाविषयी विचारण्याची सोय नव्हती.

ती सोय मागणाऱ्यांत महाराष्ट्रातील दोन नावे आवर्जून घ्यावी लागतात. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८८६ च्या वित्त समितीवर मुंबई इलाख्याचे प्रतिनिधी म्हणून काम केले. गुहागर तालुक्यातील कोतळूक येथे जन्मलेले गोपाळ कृष्ण गोखले यांनी १८९७ मध्ये लंडनला जाऊन वेल्बी आयोगापुढे, म्हणजे हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या शाही आयोगापुढे, साक्ष दिली, आणि त्या आयोगावर दादाभाई नौरोजी सदस्य म्हणून बसले होते. पुढे १९०२ पासून केंद्रीय कायदे मंडळात गोखल्यांनी अर्थसंकल्पावर केलेली भाषणे ही सरकारनेच छापलेल्या आकड्यांची सरकारसमोर केलेली उलटतपासणी होती. शिलकी अर्थसंकल्प म्हणजे सुबत्तेचा पुरावा, या सरकारी दाव्याला त्यांनी आव्हान दिले आणि ती शिल्लक गरजेपेक्षा जास्त कर घेतल्यामुळे पडते, हे सरकारच्याच कागदांतून दाखवून दिले. आज कामगिरी लेखापरीक्षा ज्या प्रकाराला म्हणतात, म्हणजे पैसा नियमाप्रमाणे खर्च झाला का एवढ्यावर न थांबता त्यातून अपेक्षित फळ मिळाले का हे पाहणारी तपासणी, तिचे बीज या भाषणांत आहे असे म्हणण्यास पुरेसा आधार आहे.

१९१९ च्या कायद्याने महालेखापरीक्षकाला हिंदुस्थान सरकारपासून काहीसे स्वातंत्र्य दिले आणि त्याच सुधारणांतून १९२१ मध्ये लोकलेखा समिती, म्हणजे लेखापरीक्षा अहवालांवर खात्यांना जाब विचारणारी विधिमंडळाची समिती, अस्तित्वात आली. लेखन आणि तपासणी वेगळी करण्याचा एक प्रयोग त्यानंतरच्या वर्षांत संयुक्त प्रांतात झाला, पण खर्च वाढतो या सबबीवर तो गुंडाळण्यात आला. १९३५ च्या कायद्याने या पदाधिकाऱ्याला संघ न्यायालयाच्या न्यायाधीशासारखे संरक्षण दिले.

संविधान सभेत या पदावरची चर्चा ३० मे १९४९ रोजी झाली, आणि ज्यांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातील आंबडवे आहे त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या दिवशी घेतलेली भूमिका या संस्थेच्या इतिहासात मध्यवर्ती आहे. विधिमंडळाने मंजूर केलेल्या रकमेपलीकडे वा वेगळ्या कारणासाठी खर्च होऊ नये हे पाहणारा हा अधिकारी संविधानातील बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी आहे, त्याची कर्तव्ये न्यायसंस्थेच्या कर्तव्यांहूनही मोठी आहेत, आणि तरीही सर्वोच्च न्यायालयाला स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या बाबतीत जे स्वातंत्र्य मिळाले ते या पदाला मिळालेले नाही, अशी खंत त्यांनी मसुद्याचे शिल्पकार असूनही उघडपणे व्यक्त केली. हे मत आयत्या वेळी सुचलेले नव्हते. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरचा त्यांचा प्रबंध १९२५ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला होता, आणि १८३३ नंतर सगळा पैसा एका केंद्रात गोळा केल्याने प्रांतांत खर्चाची बेजबाबदारी कशी वाढली, हे त्यांनी त्यात तपशीलवार तपासले होते. वेळास आणि आंबडवे ही एकाच तालुक्यातील दोन गावे, आणि राज्याच्या हिशेबाचा विचार करताना त्यांचा उल्लेख एकाच प्रकरणात करावा लागतो, ही गोष्ट रत्नागिरी जिल्ह्याने स्वतःच्या इतिहासात अधिक ठळकपणे मांडायला हवी.

संविधानाच्या अनुच्छेद १४८ ते १५१ मध्ये भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक या पदाची रचना आहे. राष्ट्रपती नेमणूक करतात, मुदत सहा वर्षे वा वयाची ६५ वर्षे यांपैकी जे आधी येईल तोपर्यंत असते, सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला ज्या पद्धतीने दूर करता येते त्याच पद्धतीने यांना दूर करता येते, आणि निवृत्तीनंतर केंद्र वा राज्य शासनाचे कोणतेही पद स्वीकारता येत नाही. ऑगस्ट १९४८ मध्ये व्ही. नरहरी राव हे या पदावर आलेले पहिले भारतीय. संविधान लागू होण्यापूर्वी आणि नंतर अशा दोन्ही काळांत, १९५४ पर्यंत, त्यांनी काम पाहिले.

यानंतर १९७१, १९७६ आणि १९८४ या तीन वर्षांतील बदलांनी विभागाचा आजचा चेहरा घडवला. १९७१ च्या अधिनियमाने या पदाची कर्तव्ये, अधिकार आणि सेवाशर्ती एकत्र सांगितल्या. १९७६ मध्ये केंद्र सरकारचे हिशेब लिहिण्याचे काम या विभागाकडून काढून मंत्रालयांकडे आणि नव्या महालेखानियंत्रकांकडे सोपवण्यात आले, आणि केंद्रापुरते तरी लिहिणारे व तपासणारे अखेर वेगळे झाले. राज्यांत मात्र लेखे संकलित करण्याचे काम विभागाकडेच राहिले. म्हणून १ मार्च १९८४ पासून प्रत्येक राज्यात एकाच महालेखापालाच्या कचेरीची दोन कार्यालये करण्यात आली, एक लेखा व अनुज्ञेयतेचे आणि दुसरे लेखापरीक्षेचे. कर्मचाऱ्यांनाही कोणत्या बाजूला जायचे याचा विकल्प द्यावा लागला, आणि वर्षानुवर्षे एकाच दालनात दोन्ही कामे केलेल्या माणसांच्या सेवाज्येष्ठतेच्या याद्या त्या दिवसापासून वेगळ्या झाल्या. लेखापाल आणि लेखापरीक्षक ही दोन पदनामे तेव्हापासून दोन वेगळ्या वाटांवर आहेत. सीमेपलीकडच्या गोव्याने आणखी वेगळा मार्ग घेतला असून तेथे शासनाचे लेखे राज्याचेच लेखा संचालनालय ठेवते. महाराष्ट्रात मात्र जिल्ह्यांची वाटणी मुंबई आणि नागपूर येथील कार्यालयांत असून कोकण मुंबईकडे आहे.

लांजा तालुक्यातील एखाद्या शासकीय कचेरीच्या खर्चाचा प्रवास पाहिला म्हणजे ही रचना कागदावरून जमिनीवर उतरते. कचेरीचा आहरण व संवितरण अधिकारी, म्हणजे शासनाचा पैसा कोषागारातून काढण्याचा आणि वाटण्याचा अधिकार असलेला अधिकारी, देयक तयार करतो; वेतन देयकांसाठी आता ‘सेवार्थ’ आणि तरतूद वाटपासाठी ‘बीम्स’ या राज्य शासनाच्या संगणकीय प्रणाली वापरल्या जातात. देयकावर लेखाशीर्ष असते. लेखाशीर्ष म्हणजे खर्च कोणत्या प्रयोजनासाठी झाला हे सांगणारी सांकेतिक संख्या, आणि १९७४ पासून ही वर्गवारी खात्यांऐवजी प्रयोजनानुसार केली जाते. म्हणून २२०२ हे प्रधान शीर्ष दिसले की सर्वसाधारण शिक्षण, २२१० दिसले की वैद्यकीय व सार्वजनिक आरोग्य आणि ३०५४ दिसले की रस्ते व पूल, असे देशातील कोणत्याही राज्याचा लेखापाल ओळखतो. लांज्याचे उपकोषागार महाराष्ट्र कोषागार नियम, १९६८ प्रमाणे देयकाची छाननी करून ते पारित करते, रत्नागिरीच्या जिल्हा कोषागारात त्याचे हिशेब एकत्र होतात, आणि तेथून दरमहा लेखे प्रमाणकांसह मुंबईच्या महालेखापाल (लेखा व अनुज्ञेयता) कार्यालयात जातात. महर्षी कर्वे मार्गावरील प्रतिष्ठा भवनात सर्व कोषागारांचे व बांधकाम विभागांचे आकडे जुळवले जातात आणि वर्षाच्या शेवटी राज्याचे वित्तीय लेखे आणि विनियोजन लेखे तयार होतात. विनियोजन लेखे म्हणजे विधानमंडळाने प्रत्येक मागणीखाली किती रक्कम मंजूर केली आणि प्रत्यक्षात किती खर्च झाली, याचा ताळा. याच कार्यालयात राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांच्या भविष्यनिर्वाह निधीची खाती असतात आणि निवृत्तिवेतनाचे आदेश येथूनच निघतात. महालेखापाल हे नाव तालुक्यातील सामान्य माणसाला माहीत असते ते बहुतांशी या आदेशामुळे.

या साखळीचा सर्वांत कच्चा दुवा तालुक्यातच आहे, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे. तातडीच्या खर्चासाठी संक्षिप्त देयकावर रक्कम काढली जाते, नंतर तपशीलवार देयक सादर करायचे असते, आणि अनुदान मिळालेल्या संस्थेने ते ठरलेल्या कामासाठीच वापरल्याचे उपयोगिता प्रमाणपत्र द्यायचे असते. देशभरच्या राज्यांच्या लेखापरीक्षा अहवालांत ही दोन्ही कागदपत्रे प्रलंबित असल्याची नोंद वर्षामागून वर्षे येते. रक्कम गैरमार्गाला गेली असाच त्याचा अर्थ होत नाही. पण ती योग्य मार्गाला गेली हेही कोणाला सिद्ध करता येत नाही, आणि लेखापरीक्षेच्या दृष्टीने ही अनिश्चितता स्वतःच एक गंभीर दोष आहे.

तालुक्यात ‘ऑडिट लागले’ असे म्हटले जाते तेव्हा ते नेमके कोणाचे, याविषयी बराच गोंधळ असतो, म्हणून येथे थोडे थांबणे योग्य ठरेल. ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि नगरपंचायत यांची नियमित तपासणी राज्याच्या वित्त विभागाखालील स्थानिक निधी लेखापरीक्षा यंत्रणा करते आणि तिचा पाया १९३० च्या मुंबई स्थानिक निधी लेखापरीक्षा अधिनियमात आहे. पतसंस्था आणि विकास सोसायट्यांची तपासणी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार होते. शासकीय कंपन्यांचे लेखापरीक्षक सनदी लेखापाल असतात, पण त्यांची नेमणूक नियंत्रक व महालेखापरीक्षक करतात आणि त्यांच्या अहवालावर पुरवणी तपासणीचा अधिकारही राखून ठेवतात. आडवली आणि विलवडे या स्थानकांवरून लांजा तालुक्यातून जाणारी कोकण रेल्वे हे त्याचे घरचे उदाहरण होय, कारण १९९० मध्ये स्थापन झालेले कोकण रेल्वे महामंडळ ही शासकीय कंपनी आहे आणि तिचे हिशेब याच वाटेने तपासले जातात. ज्या आर्थिक वर्षात हे महामंडळ स्थापन झाले त्या वेळी देशाचे अर्थमंत्री राजापूरचे खासदार प्रा. मधु दंडवते होते, आणि त्याआधी रेल्वेमंत्री म्हणून त्यांनी या मार्गासाठी केलेली खटपट कोकणाला ठाऊक आहे.

विभागातील माणसाची वाटचाल आता पाहता येईल. लांजा, राजापूर वा संगमेश्वर येथील विद्यार्थी मुंबई विद्यापीठाची वाणिज्य पदवी घेतो तेव्हा त्याला किर्द, खतावणी आणि ताळेबंद येत असतात, परंतु ते व्यापारी हिशेब असतात. तेथे नफा हे मोजमाप असते आणि येणे–देणे धरून हिशेब लिहिला जातो. शासकीय हिशेब प्रामुख्याने रोखीवर चालतो आणि त्याचे मोजमाप विधिमंडळाची मंजुरी हे असते. मंजूर रक्कम शिल्लक राहिली तर व्यापाऱ्याला आनंद होईल, शासकीय लेखापरीक्षक मात्र ती का खर्च झाली नाही असे विचारतो. कर्मचारी निवड आयोगाच्या पदवीस्तरीय संयुक्त परीक्षेतून लेखापाल वा लेखापरीक्षक म्हणून प्रवेश मिळाल्यावर पहिली काही वर्षे हा फरक अंगवळणी पडण्यात जातात. त्यानंतर येते अधीनस्थ लेखापरीक्षा वा लेखा सेवेची खातेपरीक्षा, जिला विभागात सगळे ‘एसएएस’ म्हणतात. संविधान, सेवानियम, वित्तीय नियम, शासकीय लेखे, लेखापरीक्षेची मानके आणि संगणक अशा विषयांची ही परीक्षा नोकरी, घर आणि मुंबईचा लोकलप्रवास सांभाळून द्यावी लागते, आणि ती एका दमात सुटेलच याचा भरवसा कोणी देत नाही. ती उत्तीर्ण झालेला कर्मचारी सहायक लेखापरीक्षा अधिकारी होतो. हेच पद थेट परीक्षेनेही मिळू शकते. पुढे लेखापरीक्षा अधिकारी, वरिष्ठ लेखापरीक्षा अधिकारी, आणि मोजक्यांच्या बाबतीत बढतीने भारतीय लेखापरीक्षा आणि लेखा सेवेत प्रवेश, असा हा चढ आहे. संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेतून थेट या सेवेत येणाऱ्यांचे प्रशिक्षण सिमल्याच्या राष्ट्रीय लेखापरीक्षा व लेखा अकादमीत होते, आणि ते उपमहालेखापालापासून सुरुवात करून महालेखापाल, प्रधान महालेखापाल आणि दिल्लीतील उपनियंत्रक व महालेखापरीक्षक या पदापर्यंत जातात.

त्याच्या वरची एकच पायरी विभागातल्या माणसांना गेली अनेक दशके मिळालेली नाही. टी. एन. चतुर्वेदी यांनी १९८४ मध्ये पदभार घेतला तेव्हापासून सी. जी. सोमय्या, व्ही. के. शुंगलू, व्ही. एन. कौल, विनोद राय, शशिकांत शर्मा, राजीव महर्षी, गिरीश चंद्र मुर्मू आणि २०२४ मध्ये आलेले के. संजय मूर्ती असे सर्व नियंत्रक व महालेखापरीक्षक भारतीय प्रशासन सेवेतून आले आहेत. यांतील कित्येकांनी पदाची शान वाढवली हे निर्विवाद आहे. चतुर्वेदी यांच्या १९८९ च्या बोफोर्स अहवालावरून विरोधी पक्षांच्या अनेक खासदारांनी लोकसभेचे राजीनामे दिले आणि राय यांच्या काळातील दूरसंचार व कोळसा अहवालांनी देशाचे राजकारण ढवळून काढले. तरीही आयुष्यभर सरकारी खर्चाचे निर्णय घेतलेल्या सेवेतूनच तपासनीस नेमत राहणे हे दोन हात वेगळे ठेवण्याच्या तत्त्वाशी जुळत नाही. निवडीचे निकष व निवड समिती कायद्याने ठरवली जावी, ही मागणी विभागातील आणि बाहेरील अभ्यासक दीर्घकाळ करीत आले आहेत आणि ती सर्वथा रास्त आहे.

अनेक राज्यांत बांधकाम व पाटबंधारे विभागांच्या कार्यकारी अभियंत्याशेजारी बसणारा विभागीय लेखापाल हे या संस्थेतील सर्वांत उपेक्षित आणि इतिहासाच्या दृष्टीने सर्वांत रोचक पद आहे. त्याच्यावर महालेखापालांचे नियंत्रण असते आणि तो रोज काम करतो मात्र राज्य शासनाच्या अभियंत्याबरोबर. हिशेब ठेवणे, प्रत्येक देयकाची पहिली तपासणी करणे आणि वित्तीय बाबतीत सल्ला देणे अशी तिहेरी जबाबदारी नियमांनी त्याच्यावर टाकली आहे. मोजमाप पुस्तिकेतील, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या मोजणीची नोंद ज्यात होते त्या पुस्तिकेतील, आकडे आणि ठेकेदाराचे देयक यांत तफावत आढळली तर आक्षेप लेखी नोंदवणे हे त्याचे कर्तव्य असते. मामलेदाराच्या शेजारी बसणारा आणि त्याच्याकडून दूर न करता येणारा मुजुमदार आधुनिक काळात कोठे सापडत असेल तर तो येथे.

लेखापरीक्षा पथकाच्या कामाची पद्धत ठरलेली आहे. एक वरिष्ठ अधिकारी आणि एक-दोन सहायक अधिकारी यांचे पथक मुंबईहून येते, रोकडवही, प्रमाणके, सेवापुस्तके, जडवस्तू संग्रह नोंदवही, निविदांच्या नस्त्या मागवते, आणि शंका आली की अर्धसमास पत्र देते. या पत्राच्या एका बाजूला प्रश्न आणि दुसऱ्या बाजूला उत्तरासाठी मोकळी जागा असते, आणि कचेरीचे म्हणणे नोंदल्याशिवाय आक्षेप पुढे जात नाही, ही या पद्धतीतली न्याय्य गोष्ट आहे. उत्तराने समाधान न झालेले मुद्दे निरीक्षण अहवालात परिच्छेद म्हणून जातात, ज्यांना कचेरीत ‘पॅरा’ म्हणतात, आणि अनुपालन अहवाल स्वीकारला गेला की तो पॅरा वगळला जातो. गंभीर परिच्छेद शासनाच्या सचिवांपर्यंत जाऊन त्यांच्या उत्तरासह राज्याच्या अहवालात येतात, अनुच्छेद १५१ नुसार राज्यपालांमार्फत विधानमंडळापुढे ठेवले जातात आणि मग लोकलेखा समितीकडे जातात. २०११ मध्ये संसदेपुढे आलेला मुंबईच्या आदर्श गृहनिर्माण सोसायटीवरचा अहवाल हा अशा शेकडो नस्त्या एकत्र वाचून तयार झाला होता. उलट, तालुक्यातील बहुतेक पॅरे काही हजार वा काही लाख रुपयांचे असतात, वर्तमानपत्रांत येत नाहीत, आणि आक्षेपित रक्कम वसूल होऊन शांतपणे मिटतात. विभागाच्या उपयुक्ततेचा मोठा भाग या न गाजलेल्या कामात आहे.

महाराष्ट्रात हे अहवाल अनेकदा अधिवेशनाच्या अखेरच्या दिवशी सभागृहापुढे ठेवले जातात, त्यामुळे त्यांवर चर्चा होत नाही, आणि समितीच्या सुनावणीपर्यंत संबंधित अधिकारी बदलून वा निवृत्त होऊन गेलेले असतात. अहवाल केव्हा मांडावा याची मुदत संविधानात नाही. ती कायद्याने घालून दिल्याशिवाय तपासनिसाच्या कष्टांचे पुरते मोल होणार नाही.

अलीकडच्या काळात विभागाचे काम दोन दिशांनी पसरले आहे. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी १९९३ ते १९९९ आणि २०१४ ते २०२० या काळांत संयुक्त राष्ट्रांच्या लेखापरीक्षक मंडळावर काम केले, त्यामुळे लेखापरीक्षक म्हणून मुंबईत रुजू झालेल्या माणसाला न्यूयॉर्क वा जिनिव्हा येथील हिशेब तपासण्याची संधी मिळू लागली. दुसरी दिशा गावाकडची आहे. ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्तीनंतर स्थानिक संस्थांकडे मोठा निधी जाऊ लागला, तेव्हा २००० ते २००५ या काळासाठीच्या अकराव्या वित्त आयोगाने त्यांच्या लेखापरीक्षेवर देखरेख ठेवण्याची आणि तांत्रिक मार्गदर्शन करण्याची जबाबदारी नियंत्रक व महालेखापरीक्षकांकडे सोपवण्याची शिफारस केली. प्रत्यक्ष तपासणी स्थानिक निधी लेखापरीक्षेचे कर्मचारी करतात, विभाग त्यांना पद्धत शिकवतो आणि नमुन्यादाखल काही संस्था स्वतः तपासतो. लांजा तालुक्यातील ग्रामपंचायतीच्या नमुना ५ च्या रोकडवहीत ग्रामपंचायत अधिकाऱ्याने केलेली नोंद त्यामुळे आता दोन यंत्रणांच्या नजरेखालून जाऊ शकते. या कामासाठी दोन्हीकडे मंजूर पदे वेळेवर भरली जाणे आणि ग्रामपंचायतींच्या पातळीवर हिशेबाचे शिक्षण घेतलेली माणसे मिळणे ही पुढील वर्षांची तातडीची गरज असून कोकणातील महाविद्यालयांच्या वाणिज्य शाखांनी शासकीय लेखापद्धती हा विषय पदवीच्या वर्गातच शिकवायला घेतला, तर त्यांच्या विद्यार्थ्यांना विभागाच्या परीक्षांचाही फायदा होईल आणि स्वतःच्या ग्रामपंचायतीचा जमाखर्च वाचता येणारे नागरिकही तयार होतील.